कण्हेरीचा कौल आणि मुरलीचं ऑफिस

"देव माझ्याच बाजूनं बोलणार!" असं मुरली त्या शुक्रवारी सकाळी छाती ठोकून म्हणाला. बोलणारच की! दोन्ही पुड्यांत त्यानंच लाल कण्हेर कोंबली होती.

झालं होतं असं. त्याच्या चेन्नईच्या कंपनीनं विचारलं होतं, सोमवारपासून ऑफिसात येता, की कायमचं घरूनच काम करता? दुपारी बारापर्यंत कळवा! तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत चार वर्षं वर शर्ट, खाली लुंगीसारखी वेष्टी अशा थाटात मीटिंगा मारलेला मुरली कशाला हलतोय? पण बायको, भामा, अडून बसली.

"जाच तुम्ही! सांबारात मीठ किती याचासुद्धा आढावा घेता. परवा भांडीवालीला आठवड्याचं टार्गेट दिलंत. काम सोडून गेली ती!"

"भांडू नका गं," मुरलीची आई ताराबाई म्हणाली. "फूल घालून देवाला पुसू."

आमच्या गावची रीतच ती. केळीच्या पानाच्या दोन सारख्या पुड्या, एकीत लाल फूल, एकीत पांढरं. लाल निघालं तर घर, पांढरं निघालं तर चेन्नई. पुड्या बांधायचं काम मुरलीनं आपणहून अंगावर घेतलं. एवढा उत्साह गड्यानं स्वतःच्या लग्नातही दाखवला नव्हता! पुड्या देवापुढे ठेवल्या आणि स्वारी गुणगुणत आंघोळीला गेली.

अकरा वाजता ताराबाईनं डोळे मिटून एक पुडी उचलली, सोडली. आत पांढरंशुभ्र फूल!

मुरलीचा चेहरा तीन दिवसांच्या इडलीसारखा झाला. "शक्यच नाही! दुसरी सोडा!"

"देवानं सांगितलं ना? दुसरी कशाला?" भामा म्हणाली.

मुरलीनं झडप घातली. दुसरीतही पांढरं!

"लबाडी! दोन्हीत लाल होतं!" तो ओरडला, आणि मग जीभ चावली.

"दोन्हीत?" भामा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "वा हो! मला वाटलं, मीच एकटी पापी!"

"म्हणजे फुलं तू बदललीस?"

"तुम्ही अंगाला साबण लावत होतात तेव्हा!"

"अय्यो!" ताराबाई कडाडली. "देव काय तुमच्या खेळातला चेंडू आहे? आता तो गप्प, मी बोलते! मुरली घरीच राहील, मला देवळात कोण नेणार? पण भामाचंही खरं. नऊ ते सहा हे त्याचं घर नव्हे, ऑफिस!"

बाराच्या आत 'घरूनच' असं उत्तर गेलं. सोमवारी नऊच्या ठोक्याला भामानं मुरलीच्या हातात दहीभाताचा डबा दिला आणि दार लावून घेतलं. गडी स्कूटरवरून गल्लीला वळसा घालून मागल्या दारानं परसातल्या खोलीत हजर! खोलीच्या तोंडाशी ताराबाई हजेरीची वही घेऊन बसलेली. स्वयंपाकघरात पाऊल टाकायला सहापर्यंत बंदी.

पण खरं सांगू? गडी खूश आहे. संध्याकाळी पुढल्या दारानं आत आला की भामा गरम कॉफी देते आणि विचारते, "दमलात का हो?" चार वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं!

फक्त गेल्या गुरुवारी नऊ मिनिटं उशीर झाला. वळणावर गाय बसली होती, हे अगदी खरं. पण दोनशे पावलांच्या रस्त्यात कसला ट्रॅफिक, असं म्हणून आईनं अर्ध्या दिवसाची रजा लावली!