रावजी भेकराचा हेडफोन

एका जंगलात, मुलांनो, फार शांतता होती. पूर्वी नव्हती. पूर्वी वाघोबा झोपेतून उठून नुसता आळस देऊ लागले, तरी झाडावरची वानरं ओरडायची, खाली भेकरं भुंकायची, मोर केकाटायचे आणि सगळं जंगल पळत सुटायचं. वाघोबांनी दोन पावलं टाकेपर्यंत माळ मोकळा.

मग एकदा वाघोबांनी सभा घेतली. ते म्हणाले, "तुम्ही पळता त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो तुमचा हक्कच आहे. पण हा कसला गावंढळ आरडाओरडा? दुसऱ्या जंगलातले पाहुणे येतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

सगळ्यांना लाज वाटली. जो आपल्याला खातो त्यानं नावं ठेवली, मुलांनो, की फार लागतं.

तेव्हा असं ठरलं, की घरटी एक लॅपटॉप आणि एक हेडफोन द्यायचा. वानरांनी झाडावरून माईकमध्ये हळूच सांगायचं, 'वाघोबा ओढ्याकडे निघाले.' बाकीच्यांनी ते आपापल्या कानात ऐकायचं आणि सभ्यपणे पळायचं. भुंकणं बंद. स्पीकर लावणंही बंद. लॅपटॉप चालवायला त्यात लिनक्स घातलेलं होतं, कारण ते फुकट होतं आणि त्यात ज्याला जे हवं ते बदलता येत होतं. कसं बदलायचं ते मात्र ज्याचं त्यानं शोधायचं होतं.

त्या जंगलात रावजी नावाचा एक भेकर राहायचा. भेकर म्हणजे हरणातलंच, पण बुटकं, आणि घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. रावजीचं सगळं घराणं भुंकण्यात नावाजलेलं. रावजीला त्याचा भारी संकोच वाटायचा. म्हणून हेडफोन घ्यायला रांगेत तोच पहिला उभा होता.

घरी आल्यावर त्यानं हेडफोन लॅपटॉपला खोचला. शिंगांमधून वाट काढून कानांवर बसवला. काही म्हणजे काही ऐकू येईना.

त्यानं हेडफोन उपसला. त्यासरशी स्पीकरमधून वानर गरजलं, "वाघोबा करवंदीच्या जाळीकडे निघाले हो!"

सगळं जंगल रावजीकडे बघायला लागलं. लांबून वाघोबांचा दुखावलेला आवाज आला, "कोण आहे ते?"

रावजीनं घाईघाईनं हेडफोन परत खोचला. पुन्हा सगळं चिडीचूप.

"अहो," त्याची बायको गोजा म्हणाली, "करवंदीची जाळी म्हणजे आपलीच की!"

दोघं पळाली म्हणून वाचली. संध्याकाळी परत आल्यावर गोजा म्हणाली, "ठेवा ते डबडं बाजूला. वाऱ्यावर वास घेत राहू. वेळ आलीच तर भुंका."

"भुंकू? अगं, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतात ते ऐकायला आधी जिवंत तर राहू."

रावजीला ते पटलं नाही. लॅपटॉपवर एक चावडी होती. तिथे जंगलातले जाणकार बसलेले असायचे. त्यानं खुरानं एकेक अक्षर दाबत तिथे लिहिलं, 'हेडफोनमध्ये आवाज येत नाही. स्पीकरमध्ये येतो. जिवावर बेतलं आहे. कृपया मदत करा.'

पहिलं उत्तर घुबडाचं आलं. 'हा प्रश्न पूर्वी विचारून झाला आहे. आधी शोधावं, मग विचारावं.'

रावजीनं शोधलं. एका सशानं अगदी हाच प्रश्न विचारला होता. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. सशानंही त्यानंतर काही लिहिलं नव्हतं.

मग रानडुक्कर आलं. 'माझ्याकडे येतो आवाज,' एवढंच म्हणून गेलं. ते वाचून पुष्कळांनी त्याला शाबासकी दिली.

मग कासव आलं. 'तुझं लिनक्सच चुकीचं आहे. मी माझं स्वतः बांधलं. तरुणपणी सुरुवात केली. आता जवळजवळ चालू होतं.'

शेवटी घुबडाला दया आली. त्यानं लॅपटॉपला द्यायची एक लांबलचक आज्ञा लिहून दिली. त्यातलं एकही अक्षर उच्चारता येण्यासारखं नव्हतं. रावजीनं ती जशीच्या तशी उतरवली आणि बटण दाबलं. पडदा उलटा झाला.

'आता?' घुबडानं विचारलं.

'आवाज नाहीच. शिवाय सगळं उलटं दिसतंय.'

'उलटं दिसणं हा वेगळा प्रश्न आहे. तो वेगळा विचारावा.'

रावजीनं तो वेगळा विचारला नाही. त्यानं पुढच्या पायांमध्ये डोकं घातलं आणि तसंच वाचायला लागला. त्याचं चरणं सुटलं, झोप उडाली. गोजा कोवळा पाला तोंडात धरून आणायची, तर हा म्हणायचा, "थांब गं, आता अगदी जवळ आलोय." कशाच्या जवळ, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आणि अशातच चावडीवर एक नवा सदस्य आला. नाव 'शांतताप्रेमी'. त्यानं लिहिलं, 'रावजीदादा, तुमची अडचण वाचून काळजात कालवाकालव झाली. इथे लोक किती तोडून बोलतात! पण पूर्ण माहिती नसेल तर मदत कशी करणार? लॅपटॉप कोणता, हेडफोन कोणता, आपण कुठे बसता, कधी बसता, तोंड कोणत्या दिशेला असतं, सोबत कोण असतं, आणि आपलं वजन साधारण किती?'

तुम्हाला कळलं ना, मुलांनो? रावजीला नाही कळलं. त्याचे डोळे भरून आले. बिचाऱ्याशी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी प्रेमानं बोललं होतं. त्यानं सगळं लिहिलं. करवंदीची जाळी, दुपारची वेळ, तोंड उगवतीला, पाठ मोकळ्या गवताकडे. वजनात अलीकडे थोडी घट आहे, हेही लिहिलं. त्यावर शांतताप्रेमी म्हणाला, 'अरेरे, तब्येतीला जपा.'

घुबडानंसुद्धा कौतुक केलं. 'याला म्हणतात प्रश्न विचारणं. नवशिक्यांनी रावजीकडून शिकावं.'

रावजीनं ते गोजाला मोठ्यानं वाचून दाखवलं. गोजानं विचारलं, "वजन कशाला हवं होतं हो त्याला?"

"हेडफोनचा कानावर दाब बसतो ना. त्याचा काहीतरी हिशेब असेल."

गोजानं पाठीमागच्या गवताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी पलीकडच्या उतारावर जाते. तुम्ही पण चला. माझं ऐका."

"एवढं झालं की आलोच."

दुसऱ्या दिवशी दुपारी रावजी उगवतीकडे तोंड करून बसला. घुबडाच्या सांगण्यावरून त्यानं आवाजाची आतली खिडकी उघडली. तिथे आवाजाचे खांब होते. स्पीकरचा खांब काठोकाठ भरलेला. हेडफोनचा खांब रिकामा, आणि त्यावर तो मुका केल्याची खूण. मान अवघडल्यामुळे रावजी आज सरळ बसला होता, आणि पडदा उलटा असल्यामुळे त्याला यातलं काहीच समजलं नाही. त्याला नुसती एक जांभई आली आणि त्याचा खूर घसरला. कुठली तरी दोन बटणं दाबली गेली. खूण गेली आणि खांब सरसर भरला.

"रावजी, मागे!" कानात वानर ओरडत होतं. "रावजी, मागे बघ! अरे, कुणीतरी सांगा रे त्या रावजीला!"

काय तो आवाज! इतका स्वच्छ, की वानराची धाप लागलेलीसुद्धा ऐकू येत होती. रावजी आनंदानं थरथरला. मग त्यानं मागे बघितलं.

गवतात वाघोबा उभे होते. काखेत लॅपटॉप होता.

"शांतताप्रेमी?" रावजीनं विचारलं.

"आला का आवाज?" वाघोबांनी आस्थेनं चौकशी केली.

"आला!"

"वा, वा. फार बरं वाटलं बघा."

अजूनही वेळ होता. वाघोबांची काख अडकलेली होती, समोर उतार होता, आणि भेकराच्या पायांत वारं असतं. पण चावडीचा एक रिवाज होता. ज्याचा प्रश्न सुटेल त्यानं ताबडतोब तसं लिहायचं. न लिहिणाऱ्यांवर घुबड फार चिडायचं.

"एक मिनिट हं," रावजी म्हणाला.

"लिहा, लिहा," वाघोबा लॅपटॉप खाली ठेवत म्हणाले. "नाहीतर राहून जातं ते."

पलीकडच्या उतारावरून गोजा जीव तोडून भुंकली. घराण्यात कुणी भुंकलं नसेल अशी भुंकली. तिचं ऐकून ससे पळाले, सांबरं पळाली, रानडुक्करसुद्धा पळालं. रावजीला ते ऐकू गेलं नाही. हेडफोन उत्तम चालत होता.

त्यानं लिहिलं, 'प्रश्न सुटला. सर्वांचे आभार.' कसा सुटला ते लिहिलं नाही. त्याला माहीतच नव्हतं. त्यानं शेवटचं बटण दाबेपर्यंत वाघोबांनी वाट पाहिली.

नंतर सभा झाली. वाचलेले सगळे सभेला आले होते. त्यांनी गोजाला भुंकल्याबद्दल कडक समज दिली. रावजीच्या प्रश्नावर घुबडानं तो सुटल्याची हिरवी खूण केली आणि तो सर्वांना मार्गदर्शक म्हणून चावडीच्या माथ्यावर लावला. हेडफोनचा आवाज गेलेले प्राणी हल्ली आधी तिथेच जातात. 'प्रश्न सुटला' हे वाचून त्यांना धीर येतो. त्याच्याखाली शांतताप्रेमीचा निरोप आहे, 'आणखी कुणाला अडचण असल्यास पूर्ण माहितीसह कळवावे.'

तात्पर्य : अडचण आली की भुंकत सुटू नये. शांतपणे आपली संपूर्ण माहिती द्यावी. उत्तर मिळो न मिळो, कुणीतरी आपुलकीनं घरी येतंच.