निवलेली आमटी आणि गणकयंत्राचा ताप

श्रीगजाननाचे चरणी दूर्वा वाहून, तुळशीपाशी दिवा लावून मग हे लिहिणे आरंभिले. शके १९४४ शुभकृतनाम संवत्सरे, वैशाख मासी, डोंगराआडच्या एका राज्यी आईसाहेब राज्य करीत होत्या. तेथे चंद्र लवकर दिसत नसे, म्हणून पदरी एक गणकयंत्र होते, ते चतुर्थीचा चंद्रोदय वर्तवी आणि मग नगरातील बायका उपास सोडीत. परंतु उन्हाळा कडक पडला आणि यंत्राचे मस्तक तापून ते दोन प्रहरीच मूर्च्छा पावू लागले. मग आईसाहेबांनी कारखानीस अंतोबा यांस हळूच सांगितले की या चतुर्थीस यंत्र निजले तर कारखान्याच्या किल्ल्या आमचे पुढ्यात आणून ठेवाव्या.

अंतोबा घाबरे जाहले. यंत्राचे मस्तकी ताप उतरविणारा तांब्याचा मुकुट त्यांनी स्वहस्ते बसविला होता, त्यास पातळ पाती, सर्व एका उंचीची, एका अंतराची, आणि एका बाजूस पंखा. या सारखेपणाचा त्यांस मोठा अभिमान. तरी पंख्याजवळची पाती गार राहत आणि पलीकडची अशी तापत की बोट ठेववेना. पंखा थोर केला, तो नुसता घोंघावू लागला.

अशात राजवाड्यात एका व्रताचे उद्यापन आले आणि अंतोबा उशिरा पोचले, म्हणून पंगतीचे शेवटी पान मिळाले आणि आमटी पडली ती निवलेली. तेव्हा वाढणाऱ्या वेणूआक्कांस म्हणाले, "आक्का, पळी सर्वांस सारखी, मग आम्हांसच गार का?"

आक्का म्हणाल्या, "पळी सारखीच हो पंत, पण आमटी इथवर येईस्तो वाटेत निवते. लवकर यावं, ऊन मिळते."

अंतोबांचा घास हातीच राहिला. आमटी जैसी वाटेत निवते तैसा वारा वाटेत तापतो आणि शेवटच्या पात्यांस ऊन वाराच पोचतो, हे ध्यानी आले आणि उठून धावावे ऐसे जाहले. परंतु पंगत उठण्याआधी उठणे बरे नव्हे, आणि शेजारचे वृद्ध शास्त्री अजून जिलबी मागत होते, सबब बसून राहिले. पंत रुसले ऐसे समजून आक्का पुन्हा पुन्हा ऊन आमटी वाढीत राहिल्या.

मग नवा मुकुट घडविला. पंख्याकडील पाती विरळ ठेविली की वारा गारच पुढे जावा, आणि शेवटची दाट केली की कोमट वाऱ्यानेही ताप उतरावा. चतुर्थीस यंत्र जागे राहिले आणि चंद्रोदय वर्तविला. आईसाहेबांनी अर्घ्य दिले आणि मुकुट पाहून हसत पुसले, "अंतोबा, तुमची पाती आता सारखी नाहीत?"

"नाहीत, आईसाहेब. गारवा सारखा आहे."

किल्ल्या कमरेसच राहिल्या. आक्कांनीही आमटीची दोन पातेली केली, एक पंगतीच्या या टोकास, एक त्या टोकास. ऐसे सर्वांचे उपास वेळेवर सुटले आणि शेवटच्या पानावरही आमटी ऊन होती, इतके सांगून लेखणी देवापाशी ठेविली.