पाणी उतरलं का, हासमभाई?

देवराव खोब्रागडेंचं नियोजन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! ऊर्जानगरच्या वीज केंद्रात तीस वर्षं त्यांनी शिफ्टचे तक्ते आखले होते. तेव्हा निवृत्तीनंतर मॉर्निंग वॉकच्या सात सोबत्यांना गुजरातच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात दिवसभर किनाऱ्याने चालवून आणणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ!

"वाघ त आपल्या क्वार्टरमागंच दिसते. आता समुद्र पाहू! सारं माह्यावर सोडा!"

त्यांनी तिथल्या वाटाड्याला, हासमभाईला, फोन लावला. तो म्हणाला, "साहब, पानी उतरेगा तब चलेंगे. अभी तो पूरा पार्क डूबा है!"

देवरावांचा चहा बशीत सांडला. इरई नदीचं पाणी वस्त्यांत शिरताना पाहिलेल्या माणसाला 'पाणी उतरणं' म्हटलं की एकच गोष्ट कळते. पूर!

"डिसेंबरात पूर?" वॉकच्या सोबतीण बायनाबाईंनी विचारलं.

"मौसम बिघडला ना सारा!"

संध्याकाळी पुन्हा फोन. "पानी उतरा क्या?"

"उतर गया था साहब, फिर चढ़ गया."

"और घर?"

"घर तो किनारे पर ही है! आदत है साहब. दिन में दो बार आता है."

देवरावांनी डोळे पुसले. "दिवसातून दोनदा पूर! आन् तो बिचारा हसून राह्यला!"

बातमी दुसऱ्या गल्लीत गेली तेव्हा पुराचं वादळ झालं होतं. बाजारात पोचेस्तोवर तर हासमभाई तीन दिवसांपासून लेकराबाळांसह छपरावर बसला होता! शिलाई करणाऱ्या निशातभाभींनी घरोघर फिरून बावीस चादरी जमवल्या. कोणी मुरमुऱ्यांचं पोतं दिलं. गुणवंतरावांनी स्वतःच्या लग्नाचा कोट दिला, बटणं लावून!

"मंग सहल रद्द का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"रद्द काऊन? आता त जाणंच आहे!"

दोन रात्री आठही जण गाडीत गाठोड्यांवर पाय ठेवून, गुडघे हनुवटीला लावून बसले. उतरल्यावर गाठोडी हासमभाईच्या अंगणात टाकली आणि सगळे किनाऱ्यावर गेले. समुद्र पार लांब सरकला होता. मागे नुसता चिखल, खडक आणि डबकी.

देवरावांनी टोपी काढली. "बहुत नुकसान हुआ, हासमभाई."

"कैसा नुकसान? ये तो ओट है साहब! छह घंटे में फिर भरती."

भरती-ओहोटी! सात माना एकदम देवरावांकडे वळल्या. देवराव एका खेकड्याकडे इतकं निरखून पाहू लागले, जणू तो त्यांचा जुना सहकारी होता.

"मले वाटलंच होतं," बायनाबाई म्हणाल्या आणि काठी टेकून जे हसत सुटल्या, ते हासमभाईनं पाण्यातला ऑक्टोपस दाखवला तेव्हाच थांबल्या. मग मात्र घोटाभर पाण्यात सगळे लहान पोरांसारखे चार तास हुंदडले. चादरींचा विषय कोणी काढला नाही.

परतल्यावर हासमभाईच्या बायकोनं, खैरुननं, प्रत्येकाच्या ताटात गरम भाकरी वाढली, ताक ओतलं, बायनाबाईंच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. मग गाठोड्यांकडे बघत नवऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजली.

हासमभाई संकोचून म्हणाला, "साहब, ये पूछ रही है... आपके यहाँ बाढ़ कब आई?"

देवरावांनी मान खाली घातली.

"जुलै में," ते पुटपुटले, आणि ताकासाठी वाटी पुढे केली.