पिशवीतला हात

तारीख ४ नोव्हेंबर, कार्तिक महिना. सकाळी दाट धुकं, दुपारी कोवळं ऊन, वारा मुळीच नाही. बंगालमधल्या शांतिपूरच्या विणकर सोसायटीतले कारकून भवतोषबाबू जेवताना ताटातल्या रोहूकडे बघून म्हणाले, याला बर्फाची चव आहे. शेजारी त्यांचा मेहुणा तारापद माशाचं डोकं चोखत होता. (तो चार दिवसांसाठी म्हणून आला होता. कोणते चार, हे त्याने सांगितलं नव्हतं.)

"बाजारचा चालत नसेल तर स्वतः धरा की, जामाईबाबू."

"धरीन. यापुढे मी धरलेला आणि मीच तळलेला मासा या तोंडात जाईल. दुसरा नाही."

भवतोषबाबूंच्या बायकोने, मालविकांनी, कढईतले उरलेले तुकडे भावाला वाढले.

दुसऱ्या दिवसापासून भवतोषबाबू पहाटे तळ्यावर जाऊ लागले. गळाला लावायला मोहरीची पेंड, भाजलेली मेथी आणि लाल मुंग्यांची अंडी कालवून कापडी पिशवीत घेतलेली. थंडीने ते आमिष घट्ट व्हायचं, म्हणून ते पिशवीत हात घालून वाटभर मळत असत आणि मळता मळता माशांच्या सात पिढ्या पुटपुटत उद्धरत असत. मग पाण्याकडे टक लावून बसायचं. मासे आमिष खाऊन निघून जायचे. घरी दुधी, पडवळ, कच्ची पपई. झोपेत त्यांना मोहरीच्या तेलात चुरचुरणारं कातडं ऐकू येई.

आता शांतिपूर पडलं वैष्णवांचं गाव. ऐन कार्तिकात एक पक्का मासेखाऊ मासे सोडतो, पहाटे पाण्याकाठी जातो, हात पिशवीत आणि ओठ हलताहेत. जपाची माळ अशाच पिशवीत ओढतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गल्लीतले लोक हात जोडून "जय राधे" म्हणू लागले. भवतोषबाबूही "जय राधे" म्हणत. (सभ्य माणूस दुसरं काय म्हणणार?)

एके सकाळी गावातल्या वैष्णवांचे म्हातारे गुरू गौरहरी गोसाईं काठावर थांबले. मोतीबिंदूमुळे त्यांना लव्हाळ्यातला गळ काही दिसला नाही.

"दर्शन झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आत्ताच झालं. पण हाती लागत नाही."

"धीर धरा. त्याची इच्छा झाली की तो आपण होऊन येईल."

"एकदा येऊ दे, मग सोडायचा नाही मी त्याला. या हातांनी हळद लावीन."

गोसाईंचे डोळे भरून आले.

रविवारी तो आला. चांगला जाडजूड रोहू. मालविकांनी विळीवर कापला. हळद-मीठ भवतोषबाबूंनी लावलं, बायकोला बाजूला सारलं आणि तेलातून धूर निघताच पहिला तुकडा कढईत सोडला. तेवढ्यात दारात मृदंग वाजला. कधी जागचा न हलणाऱ्या तारापदने नेमकं उठून दार उघडलं. अख्खी कीर्तनमंडळी अंगणात, पुढे गोसाईं.

भवतोषबाबू पिवळ्या हातांनी बाहेर आले. मागोमाग पदर सावरत मालविका; वास सगळ्यांनाच आला होता. त्यांनी सांगून टाकलं, मासा माझ्या भावासाठी आहे. तारापदने अगदी मनापासून मान हलवली.

"बघा मंडळी," गोसाईं म्हणाले, "घरात मासा तळतोय आणि हा माणूस तिकडे ढुंकूनही बघत नाही." (भवतोषबाबू दुसरीकडे कुठे बघतच नव्हते.) "म्हणून आज मी स्वतः तुळशीची कंठी आणली आहे. ही एकदा गळ्यात पडली की मासा जन्माचा सुटला."

भवतोषबाबू घाईघाईने म्हणाले, "गोसाईंबाबा, ऐका तरी. मी तर तळ—"

"तळमळ," गोसाईं मंडळींकडे वळून म्हणाले. "हीच ती तळमळ, जिच्याबद्दल मी सांगत होतो."

मंडळी पाया पडू लागली. मृदंगापुढे भवतोषबाबूंचं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही.

कंठी बांधून झाली. रोहू दोन किलोला थोडा कमी भरला. डोकं तारापदने खाल्लं, बाकीचा भावाबहिणीने मिळून संपवला. भवतोषबाबूंनी प्रसादाचा बत्तासा खाल्ला. माशाला मीठ जरा कमी पडलं होतं, असं तारापदने सांगितलं.