चरात पाणी ठरल्याची हकीकत

वाचणारांस मालूम व्हावे की, शहर टाकून दोन एकर उताराचा मुलूख कसा राखला, त्याची ही हकीकत घडली तैशी लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही.

लिफ्टदुरुस्तीचे मिस्त्री, उमर अठ्ठावन्न, यांनी बत्तीस वर्षे शहरात ओळंबा सोडून लिफ्टचे रूळ सरळ राखले. सुतभर वाकडे खपत नसे. त्यांच्या बाईसाहेब गॅलरीत बादल्यांतून दुधी पिकवीत आणि दर रविवारी हुकूम जारी करीत, की आपण जमीन घ्यावी, तीस नांगर लावू नये, औषध मारू नये, पाणी जागीच मुरवावे, आणि शिकेल त्यास शिकवावे. मग जमीन घेतली. मिस्त्री ड्युटीवर असता बाईसाहेब एकट्या जाऊन पातळी दाखवणारा तीन काठ्यांचा तिकोना टेकवीत सारा उतार मोजून आल्या, आणि मग दुखणे आले. अंथरुणातून त्यांनी वहीत पाणी मुरवायच्या चराची रेघ काढली, आणि मग त्या गेल्या.

मिस्त्रींनी राजीनामा रवाना केला, खोली खाली केली, आणि टेम्पोत कपाट, मिक्सर, ओळंबा व वही घालून कूच केले. कन्या बहुत संतापली. तिने तह मांडला तो ऐसा: शेती शिकायला येणाऱ्या पहिल्या वर्गासमक्ष चरात पाणी ठरले तर बाबांनी खुशाल राहावे, न ठरले तर जमीन विकून तिच्या घरी मागल्या खोलीत दाखल व्हावे. मिस्त्रींनी तह कबूल केला.

वर्गास आठ असामी रुजू जाहल्या. पैकी दाताचे डॉक्टर सर्वांत उत्साही, सबब त्यांचे हातास फोड सर्वांआधी आले. मिस्त्रींनी वही उघडली. रेघ वाकडीतिकडी होती. आजारात बाईसाहेबांचा हात थरथरला असेल, ऐसे समजून त्यांनी तीवर फुटपट्टी ठेवली आणि सरळ रेघ मारली, आणि तिची चूक लोकांपासून झाकली म्हणून मनात बरे वाटले. मग फौजेने दोन दिवस खणून चर काढला, खालच्या अंगास बांध घातला, वर वाळला पाला पसरला. ओळंब्यासारखा सरळ चर. मिस्त्री खूश.

तिसरे दिवशी कन्या आली आणि तिने स्वहस्ते टाकीचा नळ सोडला. पाणी चरात शिरले, तडक खालच्या टोकास धावले, बांध फोडून पाला आणि डॉक्टरांची एक चप्पल घेऊन पसार जाहले.

डॉक्टर म्हणाले, "काका, ही लिफ्ट फक्त खालीच जाते का हो?"

कन्या हसली नाही. "बाबा, सामान बांधायला घेऊ?"

मिस्त्री मातीच्या ढिगावर बसले. डॉक्टर चप्पल शोधीत गवतात फिरले, तो त्यांस एक खुंटी सापडली, तीस लाल कापडाची चिंधी. पुढे दुसरी, अंमळ बाजूस. मग तिसरी, खडकाला वळसा घालून. कन्येने चिंधी ओळखली. ती आईच्या जुन्या ब्लाउजची होती. मिस्त्रींनी वही मागवली. खुंट्या वळत होत्या तेथे तेथे बाईसाहेबांची रेघ वळत होती. हात थरथरला नव्हता. पुढले पान मिस्त्रींनी आजवर उलटले नव्हते, तिचे अक्षर पाहवत नसे म्हणून. ते आता उलटले. त्यावर लिहिले होते:

"एका पातळीतला चर वळणारच. सरळ नेऊ नका. तुम्हाला खोड आहे."

कन्या म्हणाली, "आईने बरोब्बर ओळखलं होतं तुम्हाला." आणि मग तिने ओढणी कमरेस खोचून कुदळ उचलली.

दोन दिवस पुन्हा खणले, या खेपेस खुंटीमागून खुंटी. नळ सोडला. पाणी वळणावळणाने पसरले, दोन्ही टोकांस समान भरले आणि उभे राहिले. कन्येने पाण्यात काडी टाकली. काडी जागची हलली नाही. मग कन्या म्हणाली, "मागच्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवते."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. मग मिस्त्रींनी फुटपट्टीची रेघ खोडून काढली आणि वर्गाचा हजेरीपट दुरुस्त केला. शिकवणाराचे रकान्यात बाईसाहेबांचे नाव घातले. विद्यार्थ्यांत आठव्याखाली नववे नाव मांडले, ते आपले. हजर.