अप्पांचे पाच टायर

चिंचवडच्या आमच्या थांब्यावर पुण्याची मोटार आली की सगळी माणसं दाराकडे धावायची आणि राघूअप्पा चाकाकडे. धोतराचा सोगा वर खोचून आधी टाचेने टायरला एक लाथ, मग अंगठ्याने दाब, मग वाकून कान लावायचा. मोटारीला पुरती प्रदक्षिणा झाली की एकदा मान हलवायची आणि मगच पायरीवर पाऊल. तोवर कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून उभा. एकदा बिचाऱ्याने घंटी मारून पाहिली होती, तर अप्पा थेट मोटारीपुढे जाऊन उभे राहिले. "आत मानसं भरलीत का बटाटं?" असं त्यांनी भर रस्त्यात विचारलं आणि आतल्या माणसांनीही कंडक्टरलाच झापलं.

मी अप्पांचा भाडेकरू. रत्नागिरीकडचा माणूस, पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात कारकून म्हणून चिकटलो आणि अप्पांच्या घराच्या बाजूच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं. घर अगदी मुंबई-पुणे रस्त्याला लागून. शेजारी चहाचं हॉटेल, तिथे येणारे-जाणारे ट्रक थांबायचे. पुढे ऐसपैस अंगण, त्यात एक बाज. मला विचाराल तर या जगात बाजेसारखी वस्तू नाही. कामावरून आलं, पाय वर घेतले, सुपारी कातरली, झालं! पण अप्पांच्या शेजारात माणसाला सुखाने बसता येईल तर शपथ.

कारण अप्पा स्वतः कधी बसतच नसत. चहा उभ्याने, भाकरी उंबऱ्यात उभ्याने, गप्पासुद्धा येरझारा घालत. मी डावीकडे बघून बोलायला लागावं तर ते उजवीकडे पोचलेले. माझी मान दुखायची. "अप्पा, टेका की जरा," म्हटलं तर म्हणत, "तुमी बसा भाऊसायेब, तुमास्नी बसायचाच पगार हाय." हे बोलणं मला लागायचं, पण ते ऐकायला अप्पा जाग्यावर असतील तर ना! तोवर रस्त्यावर एखादा ट्रक थांबलेला असायचा आणि अप्पा त्याच्या मागच्या चाकाशी.

कुणाचाही ट्रक असो, नाशिकचा, इंदूरचा, मद्रासचा. ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत अप्पांनी सगळी चाकं बडवलेली असत. "मागला उजवा मऊ हाय, हवा भरल्याबिगर घाटात जाऊ नगंस," असा हुकूम सुटायचा. कुणी म्हणालं की बाबा, कालच भरली, तर अप्पांचं ठरलेलं उत्तर: "हाताला लागलं तर खरं." हे वाक्य त्यांना मिरचीपासून कुणाच्याही मुलीच्या स्थळापर्यंत कुठेही चालायचं.

नव्या ड्रायव्हरला हा म्हातारा वेडा वाटायचा. मलाही वाटायचा, उगाच खोटं कशाला बोलू? पण एके दिवशी गंगाकाकूंनी, म्हणजे अप्पांच्या कुटुंबाने, आमच्या हिला सांगितलं. त्यांना एकच मुलगा, किसन. त्याला शेतीपेक्षा मोटारीचं वेड. दिवसभर त्या हॉटेलापुढे ट्रक बघत बसायचा. अप्पांनी एकदा संतापून सांगितलं, "नांगर धरायचा तर घरात ऱ्हा. चाक धरायचं तर वाट मोकळी हाय." पोरगाही बापाचाच, तो त्याच पावली गेला. कुठल्या तरी मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला एवढंच कानावर आलं. त्यानंतर घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही, असा अप्पांचा कायदा. "तवापास्नं ह्यांचं बूड जिमिनीला लागलं न्हाई बगा," काकू म्हणाल्या.

पुढे अप्पांची थोडी जमीन कारखान्यात गेली आणि हातात पैसा आला. गावात ज्याचा त्याचा तर्क सुरू झाला. कुणी म्हणे माडी चढवणार, कुणी म्हणे काकूंना पाटल्या करणार. अप्पा एक दिवस येरझारा घालता घालता माझ्या बाजेजवळ थबकले.

"भाऊसायेब, उद्या रजा काढा. पुन्याला जायाचंय. जीप घ्यायचीय."

माझ्या हातातला अडकित्ता खाली पडला. "जीप? अप्पा, तुम्हाला चालवता येते?"

"न्हाई."

"मग चालवणार कोण?"

"तुमाला रजा मिळतीया का न्हाई तेवढं सांगा!"

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅम्पातल्या दुकानात. हिरवी कोरी जीप काचेमागे उभी, नुसती बघत राहावी अशी. टाय लावलेले मॅनेजर हात चोळत पुढे आले. अप्पांनी जीपच्या अंगाकडे, इंजिनाकडे, गादीकडे बघितलंसुद्धा नाही. ते खाली वाकले.

"हिला भाईर अंगनात घ्या," अप्पा म्हणाले.

"कशाला?"

"गुळगुळीत फरशीवर चोर बी सरळ उभा ऱ्हातो. मातीत उभी करा, मंग कळंल."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. चार माणसांनी जीप ढकलत मागच्या अंगणात नेली आणि टाच, अंगठा, कान असा कार्यक्रम सुरू झाला.

"शेठ, नवा माल आहे. कंपनीने सगळं तपासून पाठवलंय," मॅनेजर कळवळून म्हणाले.

"कुनी तपासलंय?"

"कंपनीने."

"कंपनीला हात कुटं असत्यात?"

मॅनेजरांनी आपले हात खिशात घातले. मीही घातले, आणि मी तर कंपनीतच नोकरीला होतो. मग अप्पांची नजर मागे लटकवलेल्या चाकावर गेली. ते कशासाठी, असं त्यांनी विचारलं. "स्टेपनी आहे ती. एखादा टायर फुटला तर लावायला," मॅनेजरांनी समजावलं. झालं! अप्पा ताठ उभे राहिले.

"म्हंजी फुटनार हे तुमास्नी आदीच ठावं हाय?"

त्या सज्जन माणसाने टायची गाठ सैल केली. तो पाचवा टायर खाली काढून, जमिनीवर आपटून, लोळवून, त्याच्या नक्षीतून बोट फिरवून झाल्यावरच अप्पांचं समाधान झालं. मॅनेजर घाईघाईने किल्ली पुढे करत म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर कुठाय?"

"येनार हाय."

"किती वेळात?"

"येनार हाय म्हनलं न्हवं!" अप्पा असे काही ओरडले की अंगणातल्या मेकॅनिकांनीही वर पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "आज तुमचा मानूस द्या घरापतुर."

दुकानातला ड्रायव्हर मिळाला. येताना मी मागे ऐसपैस बसलो आणि अप्पा? अहो, जीपमध्येसुद्धा हा गृहस्थ उभा! पुढच्या काचेची चौकट धरून, उपरणं वाऱ्यावर. खडकीला थांबवून टायर बघितले. दापोडीचा पूल यायच्या आधी बघितले, पूल ओलांडल्यावर पुन्हा बघितले. कासारवाडीला टायरवर हात ठेवून चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "ताप आलाय."

"अप्पा, रस्त्यावर घासून टायर गरम होतातच," मी म्हटलं.

"मानूस गरम झाला की तुमी डागदरकडं पळता, अन् ह्येला तसंच पळवायचं?"

मग आम्ही तिघे लिंबाच्या सावलीत टायरचा ताप उतरायची वाट बघत थांबलो. ड्रायव्हरने माझ्याकडे विडी मागितली. मी ओढत नाही, पण त्या दिवशी असती तर मीही ओढली असती.

घरी पोचलो तर निम्मं गाव अंगणात. काकूंनी चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. गुरवाने रीतीप्रमाणे चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाला, घ्या पुढे. अप्पांनी धावत जाऊन सगळी लिंबं गोळा केली. "बिया अडकत्यात नक्षीत!" नवी गाडी लिंबू न चिरडता घरात आलेली गावाने पहिल्यांदाच पाहिली. त्या लिंबांचं सरबत झालं, ते आम्ही बसून प्यालो आणि अप्पांनी उभ्याने.

ड्रायव्हर गेला आणि जीप अंगणात उभी राहिली ती राहिलीच. रोज सकाळी अप्पा तिच्या टायरांवर ओली पोती टाकायचे, ऊन लागू नये म्हणून. पंप कायम जीपमध्येच, पुढच्या सीटखाली. थोडी हवा कमी वाटली की काढून दोन दट्टे मारायचे. कुत्र्यांशी तर त्यांचं उघड वैर झालं. कुत्र्यांना चाकांचं काय आकर्षण असतं ते मी सांगायला नको. मी बाजेवर आडवा झालो की "हाड! हाड!" करत अप्पा माझ्या डोक्यावरून धावायचे.

सरपंचांनी पोराच्या वरातीसाठी जीप मागितली. "डायवर न्हाई," अप्पा म्हणाले. तर सरपंच ड्रायव्हरच घेऊन आले. अप्पांनी त्याला टायर तपासून दाखवायला लावलं. "ह्यो लाथ लई जोरात मारतो," म्हणून घालवला. दुसरा आला, तो "भ्याडावानी मारतो." तळेगावहून एक आला. तो हुशार होता, अगदी अप्पांसारखी टाच, अंगठा, कान असं करून दाखवलं. मला वाटलं, सुटलो. अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "तू चांगला हायस, बाबा. पर जागा मोकळी न्हाई." वरात शेवटी बैलगाडीतून गेली आणि सरपंचांनी आमच्या दारावरून जाणं सोडलं.

मला राहवेना. ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला बसू देत नाहीत आणि म्हणे जागा मोकळी नाही! त्याच सुमारास हॉटेलापुढे एका सरदारजींचा ट्रक थांबला होता आणि अप्पा त्याच्या चाकांना बडवत होते. मी सरदारजींना म्हटलं, "तुम्ही लोक हे सहन कसं करता हो?"

सरदारजी बशीत चहा ओतत हसले. "बाबूजी, बुड्ढे का संदेसा ले जाना पडता है. सब ड्रायव्हर ले जाते हैं. किसन मिले तो बोलना, जीप आई है, पाँचो टायर अच्छे हैं."

"बस? घरी ये म्हणून नाही सांगत?"

"ना जी. बस टायर अच्छे हैं."

मी तिथेच हॉटेलच्या बाकड्यावर बसलो आणि, खरं सांगतो, मला बसवेना. हा म्हातारा रोज नाशिक, इंदूर, मद्रासच्या रस्त्यांवर निरोप सोडत होता आणि वर पुन्हा त्या सगळ्यांच्या टायरची हवा बघत होता. संध्याकाळी मी धीर करून विचारलं, "अप्पा, दुसऱ्याच्या ट्रकचे टायर कशाला हो बघता एवढे?" त्यांनी येरझारा थांबवल्या नाहीत. लांब गेल्यावर पाठमोरेच म्हणाले, "आपुन हितं कुनाच्या तरी पोराची गाडी बगावी. तकडं आपल्या बी कुनी बगत आसंल."

त्या दिवसापासून माझीही चाळवाचाळव सुरू झाली. ट्रक थांबला की मी बाजेवरून मान उंच करायचो. "तुम्हालाही अप्पांची बाधा झाली," असं आमची ही म्हणायला लागली.

आणि मग एका रविवारी सकाळी मद्रासकडचा एक ट्रक थांबला. त्यातून एक काळासावळा, हडकुळा तरुण उतरला, खाकी शर्ट, गळ्यात रुमाल. हॉटेलात गेला नाही. सरळ आमच्या अंगणात आला. घराकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, अंगणाच्या टोकाला उभ्या अप्पांकडे तर मुळीच नाही. जीपशी गेला, ओलं पोतं बाजूला केलं, टाचेने एक लाथ, अंगठ्याने दाब, आणि वाकून कान लावला. मला कुणी सांगायची गरजच उरली नाही. आत काकूंच्या भाकरीची थापथाप थांबली.

तो उभा राहिला आणि जीपलाच सांगावं तसा म्हणाला, "फुडच्या डाव्यात हवा कमी हाय."

तासाभरापूर्वीच माझ्या डोळ्यांदेखत अप्पांनी त्या टायरला हवा भरली होती. टायर दगडासारखा टणक होता. आणि अप्पांच्या टायरला नाव ठेवणारा माणूस अजून धडपणे परत गेलेला नव्हता. आता आकाश कोसळणार, म्हणून मी बाजेवर पाय वर घेतले. आला तसा हा पोरगा पुन्हा जाणार आणि ही जीप जन्मभर उभी राहणार!

अप्पा म्हणाले, "आसंल."

मी वर घेतलेले पाय खाली सोडले.

"रातची गेली आसंल," अप्पा म्हणाले. "पंप आत हाय. चुलीमागल्या कोनाड्यात. तुला ठावं हाय कोनाडा."

किसन क्षणभर घुटमळला. मग उंबऱ्याशी वहाणा काढल्या, डोकं वाकवलं आणि आत गेला. आतून काकूंचं रडणं ऐकू आलं, मग त्याचं, आणि मग दोघांचं एकदमच.

अप्पा अंगणाच्या टोकावरून चालत आले आणि माझ्या बाजेवर, माझ्या शेजारी, बसले. चांगले मांडी घालून बसले. बाज करकरली. किसन काही बाहेर येईना.

"अप्पा," मी हळूच म्हटलं, "पंप तर जीपमध्येच आहे. सीटखाली."

"गप ऱ्हावा, भाऊसायेब," उपरण्याने डोळे पुसत अप्पा म्हणाले. "त्याला घरात जायाला काय तरी नगं व्हय?"