टेकडीवरल्या नळास पाणी चढले त्याची हकीकत

श्री उदकदेवता प्रसन्न. सकळ हिवरखडककर मंडळी चहाचे टपरीवर मजलस भरवून सेवकास आज्ञा करते जाहले की, गावची जुनी पाइपलाइन जाऊन नवी कैसी आली आणि टेकडीवरल्या नळास पाणी कैसे चढले, हे साद्यंत लिहून ठेवावे, नाहीतर पुढली पोरे म्हणतील की पाणी आपलेआप आले. आज्ञा शिरी वंदून लिहितो. आम्ही कोणाचे मिंधे नाही. ज्यास राग येईल त्याणे खुशाल चहा पाजणे बंद करावे.

तरी सिल्लोडाकडील कसबे हिवरखडक, मक्याची नामी पेठ. तेथील बिडाची पाइपलाइन वृद्ध होऊन जागोजागी फुटली, आणि नळास पाणी येई ते गंजाचे लाल. त्यात पाणी सुटले की खालचे पेठेतील एकूण एक सरदार आपली मोटार थेट नळास लावून पाणी ओढीत, आणि ज्याची मोटार थोर त्याचा हौद थोर, ऐसा दस्तूर पडला. सर्वांत थोर मोटार किराणा दुकानदार बद्रीनाथशेठ यांची. गावचे शेवटास टेकडीवर भीमनगर, तेथे थेंब चढेना. तेथील मनकर्णाबाई, वयोवृद्ध, जबान तिखट. त्यांचे अंगणात सरकारी नळ रोविला होता, परंतु पाणी कधी आलेच नाही म्हणोन त्यास तोटीही बसविली नाही. पाली शिरू नयेत म्हणोन तोंडात दाणे काढलेले मक्याचे कणीस ठोकून दिले होते.

इतक्यात बाईंची नात रूपा, इचे लग्न शेंद्र्याचे कारखान्यातील मुलाशी ठरले. तेव्हा मनकर्णाबाई नगरपंचायतीत दाखल होऊन, भर सभेत नगराध्यक्ष विश्वजीतराव यांसी बोलत्या जाहल्या की, "टँकरमागं पळून पळून माझ्या टाचा झिजल्या. पोरीच्या हळदीचं नहाण माझ्याच नळाच्या पाण्याचं होईल. नाय तर मी मांडवात पाय ठेवणार नाय." ऐसे बोलून निघून गेल्या. नातीस आईबापांमागे वाढविले ते या बाईंनीच, आणि आजी मांडवात नाही तर लग्न कसले? हे सर्वांस ठाऊक. विश्वजीतरावांस निवडणूक समोर दिसत होती. त्यांणी तत्काळ हुकूम फर्माविला की, हळदीचे आत नवी लाइन टेकडीवर पोहोचलीच पाहिजे.

मग जेसीबी नामे पिवळा हत्ती पेठेत शिरला आणि खोदकामाची धुमाळी उडाली. पहिलाच मोर्चा बद्रीनाथशेठ यांचे ओट्यापाशी अडला, कारण जुनी लाइन नेमकी त्या ओट्याखालून. शेठ स्वतः ओट्यावर मांडी घालून बसले आणि उठेनात. अखेर नवा ओटा बांधून देण्याचा तह जाहला आणि शेठ उठले. पुढे हत्तीचे दाताने जमिनीतील तार तुटून गावचे इंटरनेट गेले, तेव्हा अवघे गाव मोबाइल खिशात घालून खड्ड्याकाठी उभे राहिले, आणि ज्यास त्यास अक्कल सुचू लागली. त्या अकलेतूनही वाट काढून मजुरांनी लाइन टेकडीवर नेली, हा त्यांचा पराक्रम.

हळदीचे आदले दिवशी नारळ फुटला, उंच टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, आणि पाणी ऐसे जोरात आले की पेठेतील हंडे आपोआप भरो लागले. आता मोटारीचे काम काय? परंतु आमचे गाव अजब. मोटार न लावता पाणी भरले तर भरल्यासारखे वाटेना. जो तो सवयीने बटण दाबता जाहला, मोटारी घोंघावू लागल्या, आणि टेकडीवर मनकर्णाबाईंचे नळातून नुसता वाऱ्याचा सूं सूं आवाज. विश्वजीतरावांनी मोटारबंदीचा हुकूम सोडिला. त्यावर बद्रीनाथशेठ यांचा जबाब की, आधी शेजारचे कारभारींनी बंद करावी. आणि कारभारींचा जबाब की, आधी शेठने. मनकर्णाबाई पायरीवर बसून राहिल्या. ते पाहून आम्हांस फार वाईट वाटले.

रूपाचा मामा सांडू, वीज खात्याकडील वायरमन. त्याणे आजीस इतकेच सांगितले की, "म्हातारे, ऊठ. मामाचा आहेर उद्या सकाळी येतो."

दुसरे दिवशी पाणी सुटण्याचे वक्ती सांडूमामाने पेठेस वीज देणारे डीपीपाशी जाऊन फ्यूज काढले, आणि समस्त मोटारी जागच्या जागी गारद जाहल्या. कोणी तक्रार करील तर शपथ. लाइट गेली, रोजचेच, म्हणोन शेठ पुठ्ठ्याने वारा घेत नव्या ओट्यावर बसले. इकडे पाणी पेठ ओलांडून, वळण घेऊन, टेकडी चढो लागले. विश्वजीतराव फोटोकरिता फेटा बांधून नळासमोर वाकले होते, तोच कणीस सुटले ते थेट फेट्यावर, आणि मागोमाग पाणी. आधी गढूळ, मग स्वच्छ.

तोटी नाही म्हणोन पाणी थांबेना. अंगण भरले, मांडवात शिरले, बायका साड्या सावरीत कणीस शोधू लागल्या. मनकर्णाबाईंनी सर्वांस दूर केले, धारेखाली हात धरिला, आणि रडल्या. म्हणाल्या, "वाहू द्या थोडं." मग रूपास हाताशी धरून त्याच धारेखाली नहाण घातले, आणि आपण होऊन मांडवात पाय ठेविला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्या दिवसापासून पाणी सुटते तेव्हा नेमकी लाइट जाते, आणि शेठ भरल्या हौदाशेजारी बसून वीज खात्यास शिव्या देतात. सबब ही हकीकत त्यांचे ओट्यावर वाचू नये. विजयाची नोंद करावी ती ऐसी की, हळदीचे सांजवेळी मनकर्णाबाईंनी सांडूस बोलावून हुकूम केला, "उद्या सिल्लोडला गेलास तर एक तोटी आण. आता लागंल."